सोलर इन्व्हर्टर भर दुपारी बंद पडतोय? ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’चा माझा अनुभव

जुळे सोलापुरात आमचं 3 किलोवॅटचं सोलर. दुपारी 12 ते 3 इन्व्हर्टर सारखा बंद. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’, म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त. पॅनेल धुतले, रीसेट केलं, वीज कंपनीकडे तक्रार दिली. ऐन उन्हातली वीज वाया जाताना जीव तुटायचा.

शेवटी वायरमनने 1 वाजता, इन्व्हर्टर चालू असतानाच, दोन्हीकडे मोजलं: मीटरपाशी 245 व्होल्ट, गच्चीवर इन्व्हर्टरपाशी 254. इन्व्हर्टर वीज लाइनकडे ढकलतो; वाटेत अडथळा असला की त्याच्याकडचं व्होल्टेज चढतं. म्हणजे लाइन ठीक, दोष आमच्याच केबलमध्ये!

आधी इन्व्हर्टरचा एसी (लाइनकडचा) स्विच, मग डीसी (पॅनेलकडचा) बंद, नंतर मेन. मग तपासलं. एमसीबीचा (सुरक्षा स्विचचा) न्यूट्रल स्क्रू सैल, पार काळा पडलेला. एमसीबी बदलली, 2.5 ची केबल काढून 6 चौरस मिमीची तांब्याची टाकली. आता फरक जेमतेम 2 व्होल्ट. इन्व्हर्टरची व्होल्टेज मर्यादा मात्र वाढवून घेऊ नका. त्याने इन्व्हर्टर बंद पडायचा थांबेल, पण सैल स्क्रू तापतच राहतो.