कंपनीला उतरती कळा लागली आहे. नोकरी सोडावी का हे ठरवताना या चुका टाळा

कंपनीला उतरती कळा लागली की तिथले बहुतेक जण एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागतात: कंपनी तरेल का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण नोकरी सोडायची की नाही हे ठरवताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. कंपनी तरली म्हणून आपली जागा राहीलच याची खात्री नसते, आणि कंपनी बुडाली तरी त्याआधी वेळेवर बाहेर पडलेल्या माणसाचे नुकसान होतेच असे नाही. पुढच्या वर्ष-दीड वर्षात माझ्या कामाचे, कंपनीकडून येणे असलेल्या माझ्या पैशाचे आणि माझ्या कौशल्याचे इथे काय होईल, हे विचारायला हवे. याचे उत्तर शोधताना भल्या भल्या, अनुभवी माणसांकडूनही काही ठरावीक चुका होतात.

कंपनीचे भवितव्य तेच आपले भवितव्य समजणे

१९९३ या वर्षात आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीला सुमारे ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी लुई गर्स्टनर बाहेरून येऊन प्रमुखपदी बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनी पुन्हा नफ्यात आली. मोठी कंपनी कशी सावरते याचे उदाहरण म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते, मात्र त्या सावरण्यात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हा भाग सांगायचा बहुधा राहून जातो. नोकियाचा मोबाइल व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्यानंतर तीन महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने १८ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली आणि त्यांपैकी सुमारे साडेबारा हजार नोकऱ्या नोकियाकडून आलेल्या व्यवसायातल्या होत्या. नोकिया ही कंपनी मात्र दूरसंचार जाळ्यांच्या यंत्रणेच्या व्यवसायात आजही उभी आहे. अॅपलचे पुनरुज्जीवन तर सर्वांनाच ठाऊक आहे, पण १९९७ च्या मोठ्या तोट्यानंतर जी उत्पादने बंद झाली, त्यांत ‘न्यूटन’ हा हातातला संगणकही होता आणि तो तयार करणारी माणसेही होती.

म्हणून कंपनीकडे एकसंध वस्तू म्हणून पाहू नये. आपण ज्या विभागात आहोत तो विभाग ग्राहकाकडून थेट पैसा आणतो का, उद्या कंपनीचा काही भाग विकायचा ठरला तर तो विकला जाण्यासारखा आहे का, गेल्या वर्षभरात तिथे नवी भरती झाली का, आणि पुनर्रचना झाली तर आपले काम कोणाच्या माथी टाकता येईल, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला पटकन सुचले, तर ते व्यवस्थापनालाही सुचलेले असणार हे गृहीत धरावे.

बातमी चुकीच्या ठिकाणाहून घेणे

सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेत वरिष्ठ जे सांगतात त्यावर विसंबणे ही एक चूक, आणि कॅन्टीनमधल्या कुजबुजीवर विसंबणे ही दुसरी. सप्टेंबर २००१ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे अध्यक्ष केनेथ ले आपल्या कर्मचाऱ्यांना कंपनीचा शेअर त्या भावात स्वस्त असल्याचे सांगत होते आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे उदाहरण टोकाचे आहे, कारण तिथे उघड फसवणूक होती. पण प्रामाणिक व्यवस्थापनालाही आपल्या अडचणी उघडपणे सांगता येत नाहीत. प्रमुखानेच शंका बोलून दाखवली तर ग्राहक, पुरवठादार आणि बँका सगळेच मागे सरतात. त्यामुळे धीर देणाऱ्या भाषणातून काहीच निष्कर्ष काढता येत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचे वार्षिक आणि तिमाही अहवाल कोणालाही वाचता येतात, आणि ते वाचण्यासाठी वित्त शाखेची पदवी लागत नाही. नफ्याच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष व्यवसायातून हाती किती रोकड येते ते आधी पाहावे, कारण कागदावर नफा दाखवणाऱ्या कंपनीचीही रोकड संपू शकते. मोठे कर्ज कधी फेडायचे आहे आणि तेवढा पैसा कुठून येणार आहे, हे पाहावे. कंपनी चालू राहण्याच्या क्षमतेबद्दल लेखापरीक्षकांनी शंका नोंदवली आहे का, हेही पाहावे. ही नोंद ते सहजासहजी करत नाहीत. वित्तप्रमुख किंवा लेखापरीक्षक मुदतीच्या मधेच, समाधानकारक कारण न देता बाजूला झाले असतील, तर ती घटना दहा सभांपेक्षा अधिक सांगून जाते.

शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत हे अहवाल सहज मिळत नाहीत, पण आतल्या माणसाला इतर खुणा दिसतात. जुने पुरवठादार आगाऊ पैसे मागू लागतात. प्रवासखर्चाची बिले महिनोन्‌महिने अडकतात. गेलेल्या माणसांच्या जागी कोणी येत नाही आणि पगाराची तारीख हळूहळू पुढे सरकते. या सगळ्या खुणांचे वजन सारखे नसते. पगार एकदा चार दिवस उशिरा झाला आणि कारण स्पष्टपणे सांगितले गेले, तर तेवढ्यावरून राजीनामा देणे घाईचे ठरेल. मात्र पगारातून निवृत्तिनिधीसाठी किंवा करासाठी कापलेली रक्कम संबंधित खात्यात जमाच होत नसेल, तर माझ्या मते आणखी पुराव्याची वाट पाहू नये. जी कंपनी कर्मचाऱ्याचे कापलेले पैसे रोजच्या खर्चाला वापरते, तिच्याकडे दुसरे मार्ग उरलेले नसतात. ही रक्कम जमा झाली की नाही हे पगाराच्या पावतीवरून कळत नाही. ते आपल्या खात्यात शिरूनच तपासावे लागते, आणि दर महिन्याला तपासावे.

थकव्याला कंपनीची घसरण समजणे

एखादा त्रासदायक वरिष्ठ किंवा सलग दोन वर्षे न मिळालेली बढती यांमुळे सगळी कंपनीच डबघाईला आल्यासारखी वाटू शकते. कामाचा विभाग किंवा वरिष्ठ बदलला तर मी इथे आनंदाने राहीन का, हे स्वतःला विचारून पाहावे. उत्तर ‘हो’ असेल तर अंतर्गत बदलीचा अर्ज आधी करावा. याच्या उलटही घडते. विभागातली माणसे इतकी चांगली असतात की बाहेरची घसरण जाणवतच नाही, आणि ही चूक अधिक महाग पडते.

पगार आणि बचत एकाच कंपनीत अडकवणे

एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतला निम्म्याहून अधिक पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला शेअर पुढच्या वर्षाच्या अखेरीस एका डॉलरच्याही खाली गेला. नोकरी आणि म्हातारपणाची बचत यांच्यावर एकाच वेळी गदा आली. भाव कोसळत असताना निधीचा कारभार एका संस्थेकडून दुसरीकडे सोपवला जात होता, आणि त्या काळात कर्मचाऱ्यांना निधीतले शेअर विकताही आले नाहीत. पगार ज्या कंपनीकडून येतो तिच्यात बचतीचा मोठा हिस्सा ठेवू नये, हा नियम सुस्थितीतल्या कंपनीलाही लागू आहे; घसरत्या कंपनीत तो तातडीचा होतो.

स्टॉक ऑप्शनच्या, म्हणजे कंपनीचे शेअर आधी ठरलेल्या भावात घेण्याच्या हक्काच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. ‘अजून आठ महिने थांबलो तर पुढचा हप्ता हक्काचा होईल’ असा हिशेब अनेक जण मांडतात, पण तो हप्ता आजच्या भावाने किती रुपयांचा किंवा डॉलरचा आहे हे मोजत नाहीत. ऑप्शनमध्ये ठरलेला भाव बाजारभावापेक्षा जास्त असेल, तर त्या आठ महिन्यांचा मोबदला शून्य आहे. नोकरी सोडल्यावर हक्काचे ऑप्शन वापरण्यासाठी अनेक कंपन्या ९० दिवसांचीच मुदत देतात, म्हणून ही अट राजीनाम्याआधी करारात वाचून घ्यावी. आणि केवळ मुदत संपते आहे म्हणून खिशातले पैसे घालून घसरत्या कंपनीचे शेअर घेऊ नयेत.

कपातीच्या पॅकेजची आशा धरून बसणे

स्वतःहून गेलो तर काही मिळणार नाही, काढले तर काही महिन्यांचा पगार मिळेल, हा विचार कधी कधी योग्य असतो. विशेषतः जिथे सेवेची वर्षे पुष्कळ आहेत आणि कंपनीने कपातीच्या आधीच्या फेरीत ठरल्याप्रमाणे पैसे दिले आहेत, तिथे थांबण्यात अर्थ असू शकतो. मात्र पॅकेज साधारणपणे पहिल्या फेऱ्यांमध्ये बरे असते आणि कंपनीची रोकड आटत जाते तसे तेही आटते. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर तर तारण घेतलेल्या बँकांचा हक्क सहसा आधी येतो. थकीत पगाराला बऱ्याच देशांत काही मर्यादेपर्यंत प्राधान्य असते, पण त्या मर्यादेपलीकडच्या रकमेसाठी कर्मचारी कंपनीकडून पैसे येणे असलेल्या इतरांच्या रांगेत उभा राहतो. तोंडी सांगितलेल्या पॅकेजला तर हिशेबात धरूच नये. थांबण्यासाठी खास बोनस देऊ केला असेल, तर रक्कम, तारीख आणि मधेच कपात झाल्यास तो मिळेल की नाही, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

घाबरून पहिल्या दारातून बाहेर पडणे

कंपनी खिळखिळी झाली आहे की तिचा संपूर्ण व्यवसायच आकसतो आहे, हा भेद न करता उडी मारली तर दोन वर्षांनी माणूस त्याच प्रश्नापाशी परत येतो. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकचे उदाहरण पाहा. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये याच कंपनीत तयार झाला, १९८८ मध्ये तिथे जगभरात सुमारे १ लाख ४५ हजार लोक काम करत होते आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मच्या धंद्यातला माणूस कोडॅक सोडून दुसऱ्या फिल्म कंपनीत गेला असता, तर त्याचा प्रश्न सुटला नसता. पण याच उदाहरणातली दुसरी बाजू दिलासा देणारी आहे: मोठ्या कंपनीची घसरण अनेकदा वर्षानुवर्षे चालते, आणि नवे काही शिकून शांतपणे शोध घेण्याइतका अवधी असतो. तो अवधी वापरणारे थोडे असतात, हे खरे दुःख आहे.

नव्या कंपनीचीही तीच तपासणी करावी जी जुन्या कंपनीची केली. मुलाखतीत त्यांचे मोठे ग्राहक कोण, ही जागा का रिकामी झाली आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी कंपनी असेल तर हातातला पैसा किती महिने पुरेल, हे नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यायचा असेल, तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. घसरत्या कंपनीतून बाहेर पडणारे एकाच वेळी अनेक जण असतात आणि सारखाच अनुभव घेऊन त्याच जागांसाठी अर्ज करतात, त्यामुळे शोधाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो.

गेलेल्या वर्षांसाठी थांबणे

‘इथे चौदा वर्षे काढली’ हे वाक्य राहण्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण ती चौदा वर्षे राहिलो तरी परत मिळत नाहीत आणि गेलो तरी हिरावली जात नाहीत. तपासायला हवे ते इतकेच की गेल्या वर्षी आपण असे काय शिकलो ज्याला बाहेर किंमत आहे. घसरत्या कंपनीत नवे प्रकल्प आधी बंद होतात आणि चांगली माणसे जुन्याची डागडुजी करत राहतात. बायोडेटामध्ये सलग दोन वर्षांत एकही नवी ओळ घालता आली नसेल, तर पगार वेळेवर होत असला तरी नुकसान सुरू झालेले आहे.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांची अडचण वेगळी असते आणि तिचा आदर करायला हवा. आपण गेलो तर आपल्या लोकांची बाजू कोण मांडणार, हा विचार खोटा नसतो. परंतु पुढच्या फेरीची यादी वरून येते, तेव्हा चांगला प्रमुखही फार तर दोन-तीन नावे वाचवू शकतो. तुम्हाला आपल्या माणसांसाठी काही करायचे असेल, तर त्यांना वेळेवर खरे मूल्यमापन द्यावे, त्यांच्या कामाची लेखी शिफारस तयार ठेवावी आणि ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकावा. हे सगळे दुसऱ्या कंपनीत बसूनही करता येते, बहुतेकदा अधिक चांगले करता येते.

अट न ठरवता थांबणे

थांबणे हा अनेकदा योग्य निर्णय असतो. कंपनी सावरण्याच्या कामात तुम्हाला खरा अधिकार मिळाला असेल, घरातल्या आजारपणामुळे सध्याच्या विम्याची गरज असेल किंवा एखादे शिक्षण पूर्ण व्हायचे असेल, तर थांबावे. फक्त कोणत्या गोष्टी घडल्या तर निघायचे हे आज, डोके शांत असताना, तारखेसह लिहून ठेवावे: पगाराला पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर, मोठा ग्राहक तुटणे, विभागाचे अंदाजपत्रक गोठणे, अशा ठोस गोष्टी. लिहून ठेवले नाही तर प्रत्येक नवी वाईट बातमी आधीच्या बातमीपेक्षा थोडीच वाईट वाटते आणि माणूस तिलाही सरावतो.

कागदपत्रांकडे शेवटी पाहणे

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यमापने, कराचे दाखले आणि निवृत्तिनिधीचा तपशील यांच्या प्रती आजच आपल्याकडे घ्याव्यात. गोपनीय माहितीला किंवा कंपनीच्या कामाच्या फायलींना मात्र हात लावू नये. कार्यालय बंद पडल्यावर अनुभवाचे प्रमाणपत्र द्यायलाही कोणी उरत नाही. पगार आधीच थकला असेल, तर महिनावार रक्कम लिहून ईमेलने मागणी करावी आणि उत्तर जपून ठेवावे. प्रकरण दिवाळखोरीत गेले, तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरलेल्या मुदतीत आपला दावा दाखल करावा. तिथे हेच ईमेल आणि पावत्या पुरावा म्हणून उपयोगी पडतात.