डब्यातला टोमॅटो: कुठल्याऐवजी कुठला चालतो

२०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, तेव्हा जांभळी नाक्याच्या मंडईतून मी टोमॅटो न घेताच परतले आणि नौपाड्यात घरी येता येता दुकानातून टोमॅटोचे डबे उचलले. संध्याकाळी साराला फोडणी दिली. हाताशी आला तो 'डाइस्ड', म्हणजे बारीक तुकड्यांचा डबा. पंचवीस मिनिटं उकळलं, रवीने घुसळलं, तरी फोडी जशाच्या तशा. त्यांचे कोपरेसुद्धा झिजले नव्हते. वाटीत घेतलं तर वर लाल पाणी आणि तळाशी चौकोनी फोडी.

मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्यात कॅल्शियम क्लोराइड होतं. काही डब्यांवर नुसतं '५०९' लिहिलेलं असतं. फोडी मोडू नयेत म्हणून ते घालतात. टोमॅटोतलं पेक्टिन (गर बांधून ठेवणारा घटक) त्यामुळे घट्ट होतं आणि कितीही शिजवलं तरी फोड विरघळत नाही. म्हणून डाइस्ड डबा फोडी दिसायला हव्यात तिथेच वापरा: पास्ता, पुलाव, राजम्याची घट्ट भाजी. सार, कालवण, पावभाजी यांत नको. दुसरं काही नसेलच, तर फोडणीत घालण्याआधी मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढून घ्या.

एकच डबा घरात ठेवायचा तर अख्ख्या सोललेल्या टोमॅटोंचा ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते. त्यातही कधी कॅल्शियम असतं, पण आतला गर मऊ राहतो. खोलगट पातेल्यात हाताने चुरा (बोट आधी आत खुपसा, नाहीतर रस अंगावर उडतो), की झाला 'क्रश्ड'. मिक्सरमधून काढून गाळला की साराला तयार. ४०० ग्रॅमच्या डब्याऐवजी ताजे घ्यायचे तर मध्यम आकाराचे पाच-सहा लागतात. ते उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा आणि दहा मिनिटं जास्त शिजवा, कारण डब्यातला आधीच शिजलेला असतो.

बाटलीतला पसाटा म्हणजे बिया-साल गाळलेला पातळ रस. तो साराला थेट चालतो. आपल्याकडच्या पाकिटातली प्युरी त्याहून दाट असते, तिच्यात साधारण निम्मं पाणी घाला. उलट, प्युरीच्या जागी पसाटा वापरलात तर रस्सा आटवत बसावं लागेल, आणि घाई असेल त्या दिवशी तो कच्चाच राहील.

पेस्टला मात्र नुसतं पाणी मिसळून भागत नाही. एक चमचा पेस्ट आणि दोन-तीन चमचे पाणी म्हणजे प्युरी, हे खरं, पण पाणी नंतर. आधी कांदा परतला की पेस्ट तेलात घाला आणि लाल रंग विटकरी होईपर्यंत, कडेने तेल सुटेपर्यंत परता. हे चुकलं तर भाजीला डब्याचा आंबट-कडवट वास येतो.

डब्यात सायट्रिक ॲसिड आणि बऱ्याचदा मीठही असतं. म्हणून मीठ शेवटी, चव बघून. नारळाचं दूध घालायचं असेल तर गॅस अगदी मंद करा, नाहीतर फुटतं. छोले, राजमा, पावटे पूर्ण शिजल्यावरच टोमॅटो घाला. आंबटपणाने कडधान्य शिजायला वेळ लागतो, कॅल्शियमने आणखीच.

कोशिंबिरीला यातलं काहीच चालत नाही, तिथे ताजाच हवा.

उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा आणि तीन-चार दिवसांत संपवा. पेस्ट उरली तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा घालून गोठवा. एक ठोकळा एका वेळच्या भाजीला पुरतो.