ड्रग्जमुळे सैन्यातून काढल्यावर पुन्हा भरती व्हायचं असेल तर

२०१६ च्या मार्चमध्ये मला अमेरिकेच्या आर्मीतून काढलं. कारण गांजा. कोलोरॅडोत मित्राच्या लग्नाला गेलो होतो. तिथे राज्याच्या कायद्याने गांजा चालतो, पण सैनिकाला तो कुठल्याच राज्यात चालत नाही, रजेवर असतानाही नाही. चार दिवसांनी युनिटमध्ये लघवीची तपासणी झाली आणि पॉझिटिव्ह आली. चूक माझीच होती. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मिरजेला फोन करून त्यांना हे सांगायला मला तीन आठवडे लागले.

तेव्हापासून मी परत जायच्या खटपटीत आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओळखीच्या घरांमधून अधूनमधून फोन येतो: मुलाला असंच काढलंय, काय करायचं? दर वेळी तेच सांगतो म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. हे सगळं अमेरिकन सैन्यापुरतं आहे.

आधी रिक्रूटरकडे, म्हणजे भरती करून घेणाऱ्या सैनिकाकडे, जाऊ नका. आधी स्वतःचा कागद वाचा. बाहेर पडताना मिळतो तो डीडी-२१४. त्याची छोटी प्रत चालत नाही, ‘मेंबर-४’ म्हणतात ती पूर्ण प्रत लागते, कारण खरं काय ते तिच्यातच असतं. चोवीस नंबरच्या रकान्यात डिस्चार्जचा दर्जा, सव्वीसमध्ये सेपरेशन कोड (का काढलं त्याचा), सत्तावीसमध्ये री-एंट्री कोड (परत घेता येईल का त्याचा) आणि अठ्ठावीसमध्ये शब्दांत कारण. माझ्या कागदावर दर्जा होता ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’, म्हणजे ‘ऑनरेबल’च्या एक पायरी खाली, सेपरेशन कोड जेकेके, म्हणजे ड्रग्जमुळे गैरवर्तन, आणि री-एंट्री कोड आरई-४. आर्मीत आरई-१ म्हणजे वाट मोकळी, आरई-३ म्हणजे सवलत, ज्याला सगळे वेव्हर म्हणतात, ती मिळाली तर जाता येतं, आणि आरई-४ म्हणजे दार बंद. नेव्ही, मरीन आणि एअर फोर्सचे कोड वेगळे आहेत, तेव्हा मित्राच्या कोडवरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

कागद हरवला असेल तर नॅशनल अर्काइव्ह्जच्या सेंट लुईसमधल्या केंद्राकडून तो मिळतो. ऑनलाइन मागता येतो किंवा स्टँडर्ड फॉर्म १८० भरून. नुसता डीडी-२१४ मागू नका, पूर्ण सर्व्हिस फाइल मागा आणि तुम्हाला काढतानाची सगळी कागदपत्रंही. त्यांत प्रयोगशाळेचा अहवाल असतो, आर्टिकल १५ ची, म्हणजे खटल्याविना कमांडरने दिलेली, शिक्षा असते, कमांडरची शिफारस असते. मी माझी फाइल चार वर्षांनी उघडली. सैन्याचा फुकट वकील मिळण्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर माझीच सही होती. सही केल्याचं आठवत होतं, कशावर केली ते आठवत नव्हतं. तुमचा मुलगा अजून आत असेल आणि त्याच्यासमोर असा कागद आला असेल, तर आजच्या आज त्याला वकिलाला भेटायला सांगा. आत असताना मिळालेला एक तास बाहेरच्या पाच वर्षांपेक्षा जास्त कामाला येतो.

फाइल हातात आली की अर्ज. डिस्चार्ज होऊन पंधरा वर्षं झाली नसतील तर डीडी-२९३ हा फॉर्म भरून त्या त्या दलाच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायचं. पंधरा वर्षं उलटली असतील, किंवा डिस्चार्ज जनरल कोर्ट मार्शलने (सगळ्यात वरच्या लष्करी न्यायालयाने) झाला असेल, तर डीडी-१४९ भरून रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे. त्याची मुदत रेकॉर्डमधली चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं आहे, पण न्यायासाठी आवश्यक वाटलं तर बोर्ड ती माफ करू शकतं. दोन्हींना फी नाही. पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे भेटतील. व्हेटरन्सच्या संस्था आणि लॉ स्कूलची क्लिनिक्स हे काम फुकट करतात, आधी तिकडे जा.

माझा पहिला अर्ज फेटाळला गेला आणि तो का, हे मला आता कळतं. मी दीड पान माफी लिहिली होती. बोर्डाला माफी नको असते. ते दोनच गोष्टी बघतात: काढताना नियम पाळले का, आणि नियम पाळूनही झालं ते न्याय्य होतं का. बोर्डांचे जुने निकाल नावं काढून इंटरनेटवर ठेवलेले असतात. दुसऱ्या खेपेला मी रोज रात्री जेवण झाल्यावर माझ्यासारखी प्रकरणं वाचली. कोणाचा अर्ज कशामुळे मंजूर झाला ते वहीत लिहून काढलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात याच्याइतकी उपयोगाची गोष्ट नाही.

त्या वाचनातच मला २५ ऑगस्ट २०१७ चा पेंटागॉनचा मेमो सापडला. त्याला कुर्टा मेमो म्हणतात. ज्यांना पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार), मेंदूला मार किंवा लैंगिक अत्याचार यांतलं काही सोसावं लागलं असेल, त्यांच्या अर्जाकडे बोर्डाने उदारपणे बघावं असं त्यात म्हटलंय. चार प्रश्न विचारायचे: असा काही आजार किंवा अनुभव होता का, तो नोकरीच्या काळातला होता का, त्यामुळे ते वागणं समजण्याजोगं ठरतं का, आणि त्याचं वजन त्या चुकीपेक्षा जास्त भरतं का. गांजाचाही त्यात उल्लेख आहे: सैन्यात तो आजही बेकायदा आहे, पण काही राज्यांत तो कायदेशीर झाल्यामुळे जुन्या काळापेक्षा ती चूक कमी गंभीर मानता येईल.

आता जे सांगतो ते मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातून आल्यावर मला झोप लागत नव्हती. हे बोर्डाला सांगितलं तर डिस्चार्ज सुधारण्याची शक्यता वाढते. पण पीटीएसडीचं निदान कागदावर आलं की नव्या भरतीच्या वैद्यकीय नियमांत तेच आडवं येतं आणि वेगळी वैद्यकीय सवलत मागावी लागते. म्हणजे एक दार ज्याने उघडतं, त्यानेच दुसरं लागतं. मी महिनाभर यावर विचार केला. शेवटी सगळं खरं लिहिलं, डॉक्टरांचा अहवाल जोडला. तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही, पण अर्ज टाकण्याआधी हे माहीत असू द्या. नुसते हक्क हवे असतील आणि परत जायचं नसेल, तर ही अडचण उरतच नाही. ‘जनरल’ डिस्चार्जवर जीआय बिलाचे शिक्षणाचे पैसे मिळत नाहीत, ‘ऑनरेबल’वर मिळतात. एवढ्यासाठीही अर्ज करण्यासारखा आहे.

पत्रं कमी आणा, पण वजनदार आणा. ‘मुलगा गुणी आहे’ अशी मंडळातल्या काकांची पत्रं उपयोगाची नाहीत. मी तीनच जोडली: माझ्या स्क्वाडच्या सार्जंटचं, मी जिथे रुग्णवाहिकेवर काम करतो तिथल्या प्रमुखाचं, आणि समुपदेशकाचं. तिघांनाही विनंती केली की गांजाचं प्रकरण मला ठाऊक आहे, असं पहिल्याच परिच्छेदात लिहा.

ज्यांच्याकडे फक्त ग्रीन कार्ड आहे, किंवा सैन्यातल्या नोकरीमुळे नागरिकत्व मिळालंय, त्यांनी काहीही लिहून देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. ड्रग्ज घेतल्याची नुसती कबुलीसुद्धा परदेशी नागरिकाच्या अंगाशी येऊ शकते. पाच वर्षं सन्मानाने पूर्ण होण्याआधी ‘अदर दॅन ऑनरेबल’, म्हणजे ‘जनरल’च्याही खालचा, डिस्चार्ज झाला, तर सैन्यामुळे मिळालेलं नागरिकत्व काढूनही घेतलं जाऊ शकतं.

कागदांवरच्या पहिल्या फेरीत नकार आला तरी बोर्डासमोर स्वतः बोलण्याची सुनावणी मागता येते. मी मागितली. व्हिडिओवर झाली, चाळीस मिनिटं. २०२२ मध्ये निकाल आला: दर्जा ऑनरेबल, कारण ‘किरकोळ गैरवर्तन’, कोड जेकेएन आणि आरई-३. आजोबा तो निकाल ऐकायला नव्हते.

आरई-३ म्हणजे भरती नव्हे. फक्त विचारायची परवानगी. त्यानंतर मी रिक्रूटरकडे गेलो. त्यातल्या एकाने सुचवलं, जुनं प्रकरण फॉर्ममध्ये लिहूच नकोस. असं कोणी म्हटलं तर उठून निघून या. जुनी नोकरी त्यांच्या संगणकावर दिसते, आणि खोटी माहिती देऊन भरती होणं हा लष्करी कायद्याच्या आर्टिकल १०४-अ खाली गुन्हा आहे. रिक्रूटर नामानिराळा राहतो, अडकता तुम्ही. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि नॅशनल गार्डसाठी, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ दलासाठी, वेव्हरची फाइल केली. सात महिन्यांनी नकार आला. वेव्हर हा हक्क नाही, त्या वर्षी त्यांना माणसं किती हवीत यावरही तो ठरतो. म्हणून एका नकारावर थांबू नका. रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, विचारा, काही काळाने पुन्हा विचारा. मात्र आधीचा नकार नव्या फाइलमध्ये स्वतःहून लावा.

माझी दुसरी फाइल आता रिझर्व्हकडे आहे. वैद्यकीय तपासणीची तारीख यायची आहे, तिथे पुन्हा लघवी तपासतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेंटागॉनने सैनिकांना खसखस खाऊ नका असं कळवलं होतं, कारण काही खसखशीमुळे तपासणीत कोडीन हा अफूतला घटक दिसू शकतो. आपल्या घरी ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही येत नाही. यंदा दिवाळीला आईला अनारशांना तीळ लावायला सांगितलंय.