लिलावात जुना दागिना किंवा शिसवी कपाट घ्यायचंय? आधी उलटं करून पाहा

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि आपल्या भाषेत रुळला. पण अजूनही तो कानावर पडला की मराठी घरात कुणाची तरी इभ्रत गेल्यासारखं वाटतं. लिलाव म्हणजे जप्ती, थकलेलं कर्ज, दारावर चिकटवलेली नोटीस. माझ्या आत्याला मी एकदा म्हटलं, की मी लिलावात कपाट बघायला चालले आहे. तिने विचारलं, “कुणाचं बुडालं?”

कुणाचं बुडालेलं नसतं. घरं लहान होतात, मुलं परदेशी जातात, वाटण्या होतात आणि वस्तू बाहेर पडतात. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही लिलावघरं मुंबईचीच. चित्रांबरोबर दागिने, चांदी, फर्निचर यांचेही लिलाव होतात. तिथे जाऊन नुसतं बघायला श्रीमंत असावं लागत नाही. खरेदी करायची असेल, तर मात्र पुढच्या क्रमाने जा.

१. कॅटलॉगमधले शब्द वकिलासारखे वाचा

प्रत्येक वस्तूला लॉट नंबर असतो. खाली वर्णन, मापं, अंदाजे किंमत आणि ‘कंडिशन’, म्हणजे वस्तूची अवस्था. इथे एकेक शब्द तोलून वापरलेला असतो. ‘एकोणिसाव्या शतकातलं टेबल’ आणि ‘एकोणिसाव्या शतकाच्या शैलीतलं टेबल’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं टेबल गेल्या वर्षी जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात बनलेलं असू शकतं, आणि तसं लिहिण्यात कुणी खोटंही बोललेलं नसतं. ‘नंतर दुरुस्ती केलेलं’, ‘काही भाग बदललेले’, ‘जुन्या लाकडातून बनवलेलं’ हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा.

अंदाजे किमतीचे दोन आकडे असतात. त्याशिवाय एक गुप्त आकडा असतो, राखीव किंमत. बोली तिथवर पोचली नाही, तर वस्तू विकली जात नाही. अवस्थेचा सविस्तर अहवाल आणि जास्तीचे फोटो मागितले तर मिळतात. मागायला संकोच करू नका, खरे खरेदीदार मागतातच.

२. प्रीव्ह्यूला जा, आणि वस्तूची पाठ बघा

लिलावाआधी काही दिवस वस्तू बघायला ठेवतात, त्याला प्रीव्ह्यू म्हणतात. खरेदीचा निर्णय तिथेच व्हायला हवा. हॉलमध्ये बोली चालते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. टॉर्च, मोजपट्टी, छोटं लोहचुंबक आणि दहापट दाखवणारं भिंग एवढं बरोबर असू द्या.

आधी फर्निचर. मुंबईत जुन्या वस्तूंचे ढोबळ तीन प्रकार हाताला लागतात. पहिला, एकोणिसाव्या शतकात इथे घडलेलं कोरीव शिसवी काम, ज्याला जगभर ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणतात. पानं, वेली, पक्षी, पाय संपेपर्यंत नक्षी. दुसरा, ब्रह्मी सागवानाची कपाटं, लांब हातांच्या आरामखुर्च्या, पलंग. तिसरा, १९३० नंतरचं आर्ट डेको: गोलसर कोपरे, सरळ रेषा, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसारखंच रूप. चौथी गंमत म्हणजे इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. तिचा मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये काढला. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटर खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. बैठकीखाली शिक्का किंवा कागदी लेबल शोधा. थोनेटखेरीज कोन, मुंडूस ही नावंही सापडतात. लेबल नसलेल्या खुर्च्या भरपूर, आणि त्यांना लेबलवाल्यांची किंमत द्यायचं कारण नाही.

दर्शनी बाजूला पॉलिश असतं आणि पॉलिश सगळं झाकतं. म्हणून परवानगी घेऊन ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. हाताने रंधलेल्या फळीवर बोटं फिरवली की हलक्या लाटा लागतात. यंत्राची फळी काचेसारखी सपाट. वर्तुळाकार करवतीच्या अर्धगोल रेघा दिसल्या, तर तो भाग यंत्रावर कापलेला. तळाला प्लायवूड निघालं, तर ‘१८५०’ विसरा. स्क्रू बघा. प्लस डोक्याचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. जुन्या कपाटात एखाददुसरा असेल तर दुरुस्ती समजा. सगळेच प्लस असतील तर कपाटाचं वय समजलं.

गोल टेबल असेल तर व्यास दोन दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे एका लाकडाचं अस्सल जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. अगदी काटेकोर गोल निघालं तर शंका घ्या. ही युक्ती मला सर्वांत आवडते, कारण टेबलाला तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही.

झीज योग्य जागी आहे का हेही पाहा. खुर्चीच्या हातांचं टोक, पुढच्या पायांमधली आडवी पट्टी, ड्रॉवर सरकतो ती कड: माणसाचे हातपाय लागतात तिथेच झीज हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी सॅण्डपेपर फिरवलाय. पायाशी पिवळसर ताजं पीठ पडलेलं दिसलं तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी काळी भोकं असतील तर फार घाबरू नका.

आणि उंची-रुंदी लिहून घ्या. माझी चूक इथेच झाली. आरशाचं सागवानी कपाट घेतलं, खोलीची उंची मोजली, भिंत मोजली. गिरगावातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याचं वळण मात्र मोजलं नाही. दुसऱ्या मजल्यावर चार हमाल आणि कपाट सगळेच अडकले. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी वर येऊन आतल्या पाचरी ठोकून काढल्या आणि कपाटाचे सात तुकडे करून दिले. जुनी मोठी कपाटं बहुधा अशीच सुटी होतात. हे मला लिलावघरात विचारता आलं असतं. तुम्ही विचारा: “हे उलगडतं का?” उलगडत असेल तर ते वयाचंही एक लक्षण आहे.

३. दागिन्यात सोनं सोडून बाकी सगळं तपासा

सोन्याचं सोपं असतं. कसोटी आहे, झवेरी बाजारात कॅरट मोजायचं यंत्र आहे. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, कारण सरकारी हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख-क्रमांक, २०२१ पासून आला. म्हणून आजीच्या काळातल्या पाटल्यांवर कोरा करकरीत शिक्का दिसला, तर तो केव्हा आणि का मारून घेतला ते विचारा. १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी नवे दागिने १४ कॅरटपुरते मर्यादित केले होते. त्या काळातला दागिना कसाला कमी भरला, तर लगेच फसवणूक म्हणू नका.

घोळ होतो तो वजनात. बोरमाळेचे मणी, मोहनमाळ, काही तोडे यांच्या आत लाख भरलेली असते. एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही मागा. तोळा ऐकू आला तरी थांबा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफाच्या तोंडचा तोळा १० ग्रॅमचा.

मोती हा खरा कठीण विषय. नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत ‘बसरा मोती’ आहेत असं प्रत्येक जण सांगतो. आखाती समुद्रातल्या या नैसर्गिक मोत्यांची मुंबई मोठी बाजारपेठ होती, म्हणून ते जुन्या घरांत निघतात हे खरं. पण १९२० च्या दशकापासून जपानी संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात मणी घालून मुद्दाम वाढवलेले, बाजारात आले, त्यामुळे शंभरीला टेकलेल्या नथीतही ते असू शकतात. दातावर घासून खरखर लागली की मोती खरा, ही चाचणी फक्त काच आणि प्लॅस्टिक वगळते. संवर्धित मोतीही तसाच खरखरतो. भिंगातून भोक बघा. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई, म्हणून भोक अगदी बारीक पाडत. भोक मोठं असेल आणि आत मणी व वरचा थर यांच्यामध्ये रेघ दिसली, तर मोती संवर्धित. अंतिम उत्तर प्रयोगशाळेचा एक्स-रे देतो. किंमत लाखांत असेल तर अहवालाशिवाय बोली लावू नका.

माणकांचंही तसंच. फ्रेंच रसायनज्ञ ऑग्युस्त वेर्नॉय याने १९०२ मध्ये ज्योतीत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. त्यामुळे जुन्या, अस्सल सोन्याच्या कुड्यांत कृत्रिम माणिक बसलेलं असू शकतं, आणि बसवणाऱ्या सराफालाही ते माहीत नसेल. भिंगाखाली आत वक्र रेषा दिसल्या तर ते ज्योतीतलं. पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांखाली चमकदार पत्रा असतो, त्याला डांक म्हणतात. पाणी शिरलं की डांक काळवंडते. काही खडे चमकदार आणि शेजारचे मेलेले दिसत असतील, तर दागिना कधीतरी धुतला गेलाय.

शेवटी दागिना पालथा करा. दुवे आतून झिजलेले हवेत, फिरकीचे आटे झिजलेले हवेत. पुढून जुना आणि मागून कोरा असा दागिना म्हणजे जुने खडे, नवी घडण. तसा घ्यायला हरकत नाही, किंमत मात्र नव्याची.

४. कायद्याची अडचण आधीच काढा

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला १९७६ मध्ये. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाच्यासाठी १८९० चा साज घेत असाल, तर तो इथेच राहणार हे भाच्याला आज सांगा. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे. कोरीव देवादिकांची चौकट घेत असाल तर तिच्या नोंदणीबद्दल विचारा.

दुसरा कायदा लोक विसरतात: वन्यजीव संरक्षण, तोही १९७२ चा. सोन्यात मढवलेलं वाघनख, हस्तिदंती जडावाची पेटी, हस्तिदंती बांगड्या यांची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. नामांकित लिलावात या वस्तू दिसणार नाहीत. खासगीत कुणी ‘बाजूला दाखवतो’ म्हणाला, तर चहा संपवा आणि निघा.

५. आकडा कागदावर मांडा

हातोडा पडतो ती रक्कम, म्हणजे शेवटची बोली, तुम्ही भरता ती नव्हे. वर लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं शुल्क लागतं. समजा हातोडा २,००,००० वर पडला आणि शुल्क २० टक्के आहे. शुल्क ४०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००. झाले २,४७,२००. वस्तूवरचा जीएसटी अजून वेगळा, तो वस्तूच्या प्रकारावर आणि विकणारा कोण यावर बदलतो. मग टेम्पो, हमाली, विमा. उलटा हिशेब करा: एकूण अडीच लाख खर्चायचे असतील, तर बोली पावणेदोनच्या आसपास थांबवा.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाही घेता येत नाही. पॅन आणि बँकेचे कागद नोंदणीच्या वेळीच देऊन ठेवा.

६. बोली

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मनाला घातलेली मर्यादा कागदावर लिहा आणि तो कागद बरोबरच्या माणसाकडे द्या. स्वतःवर भरवसा नसेल, तर कमाल रक्कम आधी कळवून गैरहजर बोली लावता येते. ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी झडप घालायचा बेत करू नका, कारण उशिरा बोली आली की बहुतेक ठिकाणी वेळ आपोआप वाढतो. आणि ‘एक वार, दोन वार’ ऐकताना समोरचा माणूस आपला दुष्मन आहे असं वाटायला लागलं, तर पाणी प्यायला बाहेर जा.

७. घरी आणणं

पावती, कॅटलॉगचं पान, अवस्थेचा अहवाल, प्रयोगशाळेचा कागद हे सगळं एका पाकिटात घालून वस्तूसोबत ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर हेच पाकीट किंमत वाढवतं. दागिने विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. स्वतः वापरलेल्या घरगुती फर्निचरवर मात्र तो लागत नाही.

वस्तू उचलायला ठरावीक दिवस देतात, नंतर गोदामाचं भाडं सुरू होतं. सोसायटीत लिफ्टची परवानगी आणि हमालांची वेळ आधीच ठरवा. जुन्या लाखेच्या पॉलिशवर चकचकीत पॉलियुरेथेन मारायचा सल्ला शेजारी हमखास देतील, त्यांना चहा द्या, काम देऊ नका.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सागवानी कपाटाची दारं फुगतील आणि लागणार नाहीत. तेवढ्यावरून सुताराला रंधा घेऊन बोलावू नका. दाराला सुतळी बांधा आणि दिवाळीपर्यंत थांबा. फराळाचे डबे आत ठेवायची वेळ येईल, तेव्हा दार आपसूक लागलेलं असेल.