क्रशरवरच्या माणसाचा बेडका

आमच्या सोलापुरात खडी क्रशरवर राबलेला माणूस खोकत आला, की आधी टीबीच शोधायचा. दगडाच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात त्या सिलिकोसिसमध्ये टीबी जास्त होतोच. पण सीबीनॅट (टीबीचा जंतू जनुकांवरून शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, टीबीच्या गोळ्यांनी ताप हटेना, एक्स-रेवर नवा डाग, मग मी लॅबमध्ये नोकार्डिया (टीबीसारखंच दुखणं देणारा मातीतला जंतू) शोधायला बसते.

सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडका मागवा. नुसती लाळ नको. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) बारीक, फांद्या फुटलेले, तुटक मणी ओवल्यासारखे जांभळे धागे दिसतात. मग झील-नील्सन (टीबीचे जंतू लाल रंगवायची पद्धत) करा, पण रंग उतरवायला नेहमीचं २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड नको, १ टक्का घ्या. कडक ॲसिडने लाल रंग धुऊन जातो आणि रिपोर्ट कोरा निघतो. कल्चरची (जंतू वाढवायची) प्लेट दोन दिवसांत टाकू नका, दोन-तीन आठवडे ठेवा. डॉक्टरसाहेब फॉर्मवर नुसतं 'खोकला' लिहितात, मग प्लेट कोण ठेवणार? 'क्रशरवर काम' एवढं तरी लिहा!

टीबीसाठी काचेवर रंगवून बघितलेला स्मिअर पॉझिटिव्ह पण सीबीनॅट निगेटिव्ह आलं, तर टीबीच्या भाऊबंदांपैकी दुसरा जंतू असू शकतो. तेव्हा एका नमुन्यावर थांबू नका, दुसरा कल्चरला पाठवा. आणि नोकार्डिया सापडलाच, तर मेंदूचं स्कॅन करायला सांगा; तो तिथेही पोचतो.