घाऊक बेकरीचा इतिहास लिहायचाय? आधी मळणीची वही वाचायला शिका

स्थापनेचं साल, मालकांच्या मुलाखती, जुने फोटो हे सगळं लवकर जमतं. नवखे आपटतात ते मळणीच्या वहीवर, म्हणजे रोज पीठ किती आणि कसं मळलं याच्या नोंदींवर.

वहीत लिहिलेलं असतं: मैदा १००, पाणी ६२, यीस्ट २, मीठ २. बेरीज १६६. ही चूक नव्हे. बेकरीत प्रत्येक जिन्नस मैद्याच्या वजनाच्या टक्क्यांत मांडतात, मैदा कायम १००. शेजारी ‘घाणा ५०, नग १८४’ असेल तर घाणा म्हणजे एका वेळी मळलेली खेप, आणि ५० हे नुसत्या मैद्याचे किलो. त्यावर पाणी ३१, यीस्ट १, मीठ १, म्हणजे मळलेलं पीठ ८३ किलो. ४५० ग्रॅमचे गोळे पाडले की १८४ नग. ५० हेच सगळं वजन धरलंत तर १११ निघतात, आणि वही खोटी आहे असं वाटू लागतं. उलटी चूकही होते: ब्रेड ४०० ग्रॅमचा विकला जातो म्हणून ८३ किलोला ४०० ग्रॅमने भागलं की २०७. भाजताना आणि थंड होताना दहा-बारा टक्के वजन वाफ होऊन जातं, ते विसरलं जातं. हे गणित कागदावर दोनदा सोडवा. खरंच सोडवा, कारण इथली चूक पुढच्या प्रत्येक वर्षाच्या आकड्यात शिरते.

घाबरू नका, चार-पाच पानांत नजर बसते.

जुन्या ब्रिटिश वहीत ‘सॅक’ म्हणजे २८० पौंड, अमेरिकी वहीत ‘बॅरल’ म्हणजे १९६ पौंड पीठ. आणि नग म्हणजे भाजलेले, विकलेले नव्हेत. परत आलेला माल गाडीवाल्याच्या वहीत सापडतो. तो वजा केल्याशिवाय ‘रोजचा खप’ हा शब्द लिहूच नका.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेवरून इतिहास उतरवणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. वहीला ‘हिशेबाचे कागद’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा रात्रपाळीला पीठ मळलेला निवृत्त कारागीर शंभरपट उपयोगी. त्याला यीस्टचं विचारा. यीस्ट १ वरून २.५ वर गेलं आणि पीठ आंबवण्याचे तास घटले, तर पद्धत बदलली. कदाचित जलद मळणीचं यंत्र आलं असेल. इंग्लंडमधली चॉर्लीवुड पद्धत १९६१ ची. तिच्यात किलोमागे सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा काही मिनिटांत पिठात घालतात, म्हणून लांबलचक आंबवणं टळतं. कापलेल्या ब्रेडचं वेष्टन हाती लागलं तर १९२८ लक्षात ठेवा. रोहवेडर यांच्या यंत्राने कापलेला ब्रेड त्या वर्षी अमेरिकेत चिलिकॉथी इथे विक्रीला आला.

समासातले पेन्सिलीचे आकडेही उतरवून घ्या. बहुतेकदा ते पाण्याचं तापमान असतं. ज्या उन्हाळ्यात ते २० वरून एकदम ५ वर उतरतं, त्या उन्हाळ्यात बेकरीत बर्फ किंवा चिलर आलेला असतो. त्याचं बिल शोधा.