रेफरन्समागचा प्रश्न: वॉर्डातील मानसोपचार विद्यार्थ्यांना कसा शिकवावा

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना मानसोपचार शिकवला जातो तो बहुतेक वेळा ओपीडीत किंवा विभागाच्या स्वतःच्या वॉर्डात. तिथे स्किझोफ्रेनिया, नैराश्य, द्विध्रुवीय विकार यांचे रुग्ण पाहायला मिळतात आणि ते आवश्यकच आहे. परंतु यांतले बहुसंख्य विद्यार्थी पुढे सर्जन, फिजिशियन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ होणार असतात आणि त्यांना या विषयाची खरी गरज भासणार असते ती अस्थिरोग वॉर्डात मध्यरात्री सलाईन उपसून काढणाऱ्या रुग्णापाशी. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचार विभाग असण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोलकात्यात १९३३ साली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली असे विभाग सुरू झाले. तरीही इतर वॉर्डांतून येणारे रेफरन्स, म्हणजे मानसोपचार विभागाचे मत मागणाऱ्या चिठ्ठ्या, हे निवासी डॉक्टरांनी उरकायचे काम समजले जाते आणि विद्यार्थी त्यापासून दूरच राहतात. मानसोपचार विभागातील पोस्टिंग (प्रत्यक्ष शिकण्याचा काळ) अवघ्या दोन आठवड्यांची असली, तरी प्रत्येक विद्यार्थ्याकडे किमान एक रेफरन्स पहिल्या भेटीपासून डिस्चार्जपर्यंत सोपवावा. घाईघाईत पाहिलेल्या दहा रुग्णांपेक्षा असा एक रुग्ण अधिक शिकवतो.

सुरुवात रुग्णापासून करू नये, रेफरन्सच्या कागदापासून करावी. त्यावर बहुधा 'रुग्ण सहकार्य करत नाही, कृपया मत द्यावे' एवढेच लिहिलेले असते. विद्यार्थ्याने तो लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांना गाठून 'आमच्याकडून नेमके काय हवे आहे?' असे विचारावे. मग कळते की रुग्ण शस्त्रक्रियेला नकार देतो आहे आणि तो नकार ग्राह्य धरावा का, हा युनिटचा, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाचा, प्रश्न आहे. किंवा विषबाधेतून सावरलेल्या मुलीला घरी सोडणे सुरक्षित आहे का, हे त्यांना हवे आहे. हा प्रश्न एका वाक्यात लिहून दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला रुग्णाकडे जाऊ देऊ नये. नकाराच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून शिकवावी: निर्णयक्षमता त्या त्या निर्णयापुरती तपासायची असते. स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्णसुद्धा पाय कापण्याचे फायदे-तोटे पूर्ण समजून नकार देऊ शकतो आणि तेव्हा त्याचे निदान पुढे करून तो नकार मोडीत काढता येत नाही.

यानंतर केसपेपर. डॉक्टरांच्या नोंदींइतक्याच बारकाईने सिस्टरांच्या रात्रपाळीच्या नोंदी वाचायला लावाव्यात, कारण डिलिरियमचा (शारीरिक आजारामुळे अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाचा) चढउतार तिथेच सापडतो. सकाळच्या राउंडला शहाण्यासारखी उत्तरे देणारा रुग्ण रात्री भिंतीवरचे किडे वेचत होता, हे सिस्टर आणि मावशींनाच ठाऊक असते. डिलिरियम हा या प्रशिक्षणाचा गाभा मानावा आणि त्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. अचानक सुरू झालेली व कमीजास्त होणारी अवस्था आणि अवधान टिकवता न येणे, या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. त्यांच्या जोडीला विचारांतील विस्कळीतपणा किंवा शुद्धीच्या पातळीतील बदल हवा. अवधान तपासण्यासाठी शंभरातून सात वजा करायला सांगण्याचा आग्रह धरू नये. शाळेत न गेलेल्या आजींना ते एरवीही जमणार नाही. 'आजी, रविवारपासून उलटे वार सांगा' एवढे पुरते. तेही कठीण गेले, तर अक्षरे एकेक करून म्हणत जावीत आणि 'मी क म्हटले की माझा हात दाबा' असे सांगावे. डिलिरियममधला प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करत नाही, हे तर पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. निपचित पडून राहणारा, न जेवणारा वृद्ध 'नैराश्य' म्हणून पाठवला जातो आणि प्रत्यक्षात त्याचे सोडियम उतरलेले असते किंवा त्याला जंतुसंसर्ग झालेला असतो.

मांडीचे हाड मोडून दाखल झालेला मध्यमवयीन पुरुष तिसऱ्या दिवशी थरथरू लागला, घामाने भिजला आणि असंबद्ध बोलू लागला, तर दारू अचानक बंद झाल्याचा हा परिणाम असू शकतो; म्हणून शेवटची दारू कधी घेतली, हा पहिला प्रश्न हवा. जावयासमोर किंवा सुनेसमोर 'दारू घेता का?' असे विचारले की उत्तर 'नाही' असेच येते. म्हणून नातेवाइकांना थोडे बाहेर पाठवून 'दिवसाला किती क्वार्टर होतात?' असे सरळ विचारायला शिकवावे आणि एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, हा हिशेब करून घ्यावा. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) दिले आहे का, हे विद्यार्थ्याने ट्रीटमेंट चार्टवर स्वतः पाहावे.

ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णालयांत कीटकनाशक प्यायलेले रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात नेहमीच असतात. असा रुग्ण बेभान झाला की लगेच 'मानसिक' ठरवला जातो. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे, अंग तापलेले आणि नाडी वेगवान असेल, तर विषबाधेवर उतारा म्हणून दिले जाणारे ॲट्रोपिन जास्त होत असल्याची शंका घेऊन ती युनिटला तत्काळ कळवली पाहिजे. रुग्ण भानावर आल्यावर पडदा ओढून, खुर्चीवर बसून बोलावे. 'औषध प्यायलात तेव्हा मरून जावे असे वाटत होते का? आत्ताही तसे वाटते का?' हे शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी बसले पाहिजेत. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात भरवला जात नाही, हे त्याला ठामपणे सांगावे. पोलिसांच्या भीतीने घरचे 'चुकून प्यायले' म्हणतात. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होत असली, तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो, हे नातेवाइकांना समजावणे विद्यार्थ्याला जमायला हवे.

या मुलाखतीच्या वेळी शिक्षकाने मध्ये न बोलता दहा मिनिटे मागे उभे राहावे आणि चुका वॉर्डाबाहेर आल्यावर, रुग्णाच्या कानाआड सांगाव्यात.

उत्तर लिहिताना युनिटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या ओळीत यावे. त्याखाली निदान, आज रात्री द्यायच्या औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ, कोणत्या लक्षणांवर पुन्हा बोलवावे आणि आपण परत कधी येऊ, एवढे असावे. चार पानी मनोवृत्तांत ऑपरेशनच्या गडबडीत कोणी वाचत नाही. तेच इन्चार्ज सिस्टरांना तोंडीही सांगावे आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने एकट्याने जाऊन सांगितलेले किती अमलात आले, ते पाहावे. रुग्ण घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर मानसोपचार ओपीडीची तारीख आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिला आहे का, आणि तो घरातल्या कोणाला तरी नीट समजावून सांगितला आहे का, हे तपासण्याचे कामही त्याच विद्यार्थ्याकडे ठेवावे.